तरवारीखालीं काय ठेवावें?

गेल्या उन्हाळ्यांत माझा पुतण्या सुटीसाठीं आमच्या घरीं आला. तो शहरांत शिकतो व तेथील एका आखाड्यांत मर्दानी खेळांचे धडे घेतो. त्याच्या सामानांत जाड कापडांत गुंडाळलेली एक तरवार होती. ती त्याच्या वस्तादांनीं रीतसर कागदपत्रांसह दिलेली आहे अशी माझी खात्री झाल्यावरच मीं ती घरांत ठेवूं दिली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो माझ्यापाशीं येऊन म्हणाला, "काका, परसांत थोडा सराव करायचा आहे. घरातलं काय काय कापायला घेऊं?" त्यानें मनाशीं एक यादीही केली होती. पाण्यानें भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या, माळ्यावरचे तांबडे भोपळे, गोठ्याजवळ रचलेल्या कडब्याच्या पेंढ्या, ओसरीवरची फाटकी चटई, आणि विहिरीजवळच्या केळी.

प्रश्न अगदीं साधा होता. परंतु मीं त्यास ताबडतोब उत्तर दिलें नाहीं. "दुपारीं सांगतों," एवढेंच म्हणालों. कारण यादींतील शेवटचा शब्द ऐकतांच मला माझ्या लहानपणची एक गोष्ट आठवली, आणि ती मीं घरांत आजवर कोणास सांगितली नव्हती.

मी दहा-अकरा वर्षांचा असतांना गांवच्या जत्रेंत मर्दानी खेळ पाहिला. एका खेळाडूनें दांडपट्टा गरगर फिरवीत जमिनीवर मांडलेलीं लिंबें एकामागून एक दुभागलीं. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. सकाळीं मीं घरांतला ऊंस तोडण्याचा कोयता उचलला. कुंपणापलीकडे एका वृद्ध विधवा बाईच्या पांच-सहा केळी होत्या. त्यांतील एकीवर सर्व बळ एकवटून घाव घातला. केळीचा बुंधा म्हणजे पानांच्या देठांचे एकावर एक गुंडाळलेले पदर. त्यांत लाकूड नसतें, पाणीच फार. कोयता आरपार गेला आणि केळ कोसळली. मला आनंद झाला, पण तो क्षणभरच. कारण तिच्याबरोबर अर्धवट भरलेला घडही मातींत पडला होता.

आजी आवाज ऐकून बाहेर आली. ती ओरडली नाहीं. घडाजवळ बसून तिनें त्यावरची माती पुसली आणि मजकडे पाहून म्हणाली, "पोरा, तुझा एक घाव झाला, पण माझं वरीस गेलं." केळ लावल्यापासून घड उतरेपर्यंत सुमारें एक वर्ष लागतें, आणि एक बुंधा आयुष्यांत एकदांच फळ देतो. त्या घडाच्या पैशांतून दुकानदाराची उधारी फेडण्याचा तिचा हिशेब होता, हें मागाहून आईकडून कळलें. वडिलांनीं मला मारलें नाहीं. तिच्या बागेंतील पुढचा घड उतरेपर्यंत रोज संध्याकाळीं तिच्या केळींना पाणी घालावयाचें, असें काम त्यांनीं मला लावून दिलें. पहिले कांहीं दिवस ती माझ्याशीं बोलत नसे. पुढें ती माझी वाट पाहूं लागली.

म्हणून, वाचकहो, पुतण्याचा प्रश्न मला नुसता खेळाचा वाटला नाहीं. त्याच्या मागें एक मोठा प्रश्न उभा आहे. पोटासाठीं नव्हे, रक्षणासाठीं नव्हे, तर केवळ आपला हात सुधारावा म्हणून आपण एखाद्या वस्तूचा नाश करतों, तेव्हां त्या वस्तूविषयीं आपलें कांहीं कर्तव्य असतें काय? वस्तूस तर वेदना होत नाहीं. मग कशावरही घाव घातला तरी सारखेंच, असें म्हणतां येईल काय?

या प्रश्नाचें उत्तर निरनिराळ्या देशांनीं निरनिराळें दिलें आहे, आणि तें पाहण्याजोगें आहे. जपान देशांत अशा कापण्याच्या सरावास तामेशिगिरी म्हणतात. तरवारीची व हाताची पारख पाहण्यासाठीं कापणें, असा त्याचा अर्थ. १६०३ पासून १८६८ पर्यंतच्या एदो काळांत नव्या तरवारीची पारख पुष्कळदां मृत्युदंड दिलेल्या अपराध्यांच्या प्रेतांवर होत असे. यामादा आसाएमोन हें नांव पिढ्यानुपिढ्या चालविणारें एक घराणें हेंच काम शोगुनाच्या सरकारासाठीं करीत असे. एका घावांत किती देह कापले गेले हें तरवारीच्या मुठींत दडणाऱ्या भागावर कोरून ठेवीत, आणि कधींकधीं तीं अक्षरें सोन्यानें भरीत. अशा लेखांच्या तरवारी आजही संग्रहांत जपलेल्या आहेत. पुढें राज्यव्यवस्था पालटली, १८७६ सालीं सामान्य लोकांनीं तरवार बाळगून हिंडण्यास बंदी झाली, आणि प्रेतांवर पारख करण्याची चालही नाहींशी झाली.

मग तो सराव बुडाला काय? नाहीं. आज जपानांत व इतर देशांत शिकणारे लोक तातामि नांवाच्या बैठकीचा वरचा थर घेतात. हा थर इगुसा नांवाच्या लव्हाळ्यासारख्या गवतानें विणलेला असतो, आणि घरांतील बैठक नवी करतांना जुना थर काढून टाकावाच लागतो. त्याची घट्ट गुंडाळी करून ती पाण्यांत भिजत ठेवितात व एका खुंटीवर उभी करितात. कोणी तिच्या मधोमध हिरवा बांबूही घालतात. चटई मांसाच्या जागीं आणि बांबू हाडाच्या जागीं, असें शिकविणारे सांगतात. यांत आपणांस मोठा धडा आहे. ज्या विद्येस एके काळीं मनुष्याचा देह आवश्यक वाटत होता, तिला टाकाऊ चटई पुरली. हातास जें शिकावयाचें होतें तें त्यानें चटईवरही शिकून घेतलें. तेव्हां क्रूरता ही कौशल्याची किंमत नव्हती. ती केवळ संवय होती.

इंग्लंडांतही एकोणिसाव्या शतकांत तरवारबहाद्दर लोक शिशाची कांब, मेंढ्याचें धड, लिंबें इत्यादि कापून दाखवीत, आणि जॉन वेट नांवाच्या शिक्षकाच्या १८८० सालच्या पुस्तकांत तरवारीच्या अशा करामतींनाही जागा दिलेली आहे. वॉल्टर स्कॉट यानें १८२५ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'द टॅलिस्मन' या कादंबरींत राजा रिचर्ड लोखंडाचा दांडा एका घावांत तोडतो, आणि सलाउद्दीन मऊ रेशमी उशी व हवेंत तरंगतें तलम वस्त्र अलगद कापतो, असा प्रसंग आहे. प्रसंग कल्पित खरा. परंतु त्यांतील मुद्दा कोणीही शिकविणारा मान्य करील. कठीण वस्तु बळाची परीक्षा घेते व मऊ वस्तु धारेची आणि नेमाची. घाव ज्या दिशेनें जातो त्याच दिशेस पात्याची धार वळलेली नसेल, तर भिजलेली चटईही तरवार अडवून धरते व पातें वांकतें. म्हणजे घरगुती सरावास दगडासारखी कठीण वस्तु लागतच नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांत दांडपट्ट्याचा मान मोठा आहे. २०२४ सालीं शासनानें त्यास राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलें. त्याचें लांब लवचीक पातें आणि कोंपरापर्यंत हात झांकणारी लोखंडी मूठ आपल्यापैकीं पुष्कळांनीं जत्रांत पाहिली असेल. लिंबू, केळीचा बुंधा, नारळ हीं आपलीं जुनीं लक्ष्यें. त्यांतील लिंबू जमिनीवर असतें तोंवर तें लिंबूच असतें. पण तें एखाद्या मुलाच्या तळहातावर किंवा मानेवर ठेविलें म्हणजे लक्ष्य लिंबू राहत नाहीं. तें मूल होतें. जन्मभर मेहनत केलेल्या वस्तादांच्या देखत होणारा खेळ ही एक गोष्ट. परसांत सुटीपुरता सराव करणाऱ्या पोरानें तो करूं पाहणें ही अगदीं दुसरी.

असो. दुपारीं मीं पुतण्यास सावलींत बसविलें, आजीची गोष्ट सांगितली, आणि त्याच्या यादींतील एकेका वस्तूविषयीं कांहीं प्रश्न त्यालाच विचारले. तेच येथें क्रमानें मांडतों.

पहिला प्रश्न: वस्तु कोणाची? तो म्हणाला, "भोपळे तर आपलेच आहेत." मीं म्हटलें, "तुझ्या काकूला विचार." काकूनें ते पावसाळ्यासाठीं राखून ठेविले होते, चांगला पिकलेला तांबडा भोपळा कोरड्या जागीं कित्येक महिने टिकतो, आणि आषाढांत भाजी महाग होते तेव्हां तोच घर सांवरतो. घरांतील वस्तु सर्वांची असते, याचा अर्थ ती वाटेल त्याची असते असा नव्हे. ज्याच्या हातून ती वस्तु घडते, राखली जाते व रांधली जाते, त्याचें ऐकावयास पाहिजे. पुरुष मंडळी 'घरातलं कांहींतरी' असें सहज म्हणतात. त्या 'कांहींतरी'चा हिशेब बहुधा घरांतील स्त्रीच्या डोक्यांत असतो.

दुसरा प्रश्न: तिचें काम संपलें आहे काय? ओसरीवरची चटई फाटली होती. तिचें काम संपलें होतें. जुनीं वर्तमानपत्रें गुंडाळून व भिजवून घेतलीं तर तींही चालतात, जरी कागदानें धार लवकर बोथटते. परंतु कडबा? तो वाळलेला, मेलेला दिसतो. पण उन्हाळ्यांत गुराच्या दृष्टीनें तें भरलेलें ताट आहे. कोरड्या तालुक्यांतील शेतकऱ्यास कडब्याच्या पेंढीची किंमत सांगावयास नको. केळीविषयीं तर हाच प्रश्न निर्णायक आहे. घड भरत असलेली केळ कापणें हा अपराध. तोच घड उतरल्यावर मात्र तो बुंधा पुन्हां फळ देत नाहीं, आणि शेजारच्या पिलास वाव मिळावा म्हणून शेतकरी त्यास स्वतःच कापतो. बुंधा एकच, घावही एकच. मध्यें धीर काय तो राहिला. लहानपणीं मजपाशीं कोयता होता, बळ होतें. तो धीर तेवढा नव्हता.

तिसरा प्रश्न: मागें काय उरतें? केळीचे तुकडे गुरें खातात, उरलेल्याचें खत होतें, आणि आंतील पांढऱ्या गाभ्याची भाजी करितात. भोपळा किंवा कलिंगड कापावयाचेंच असेल, तर पात्यावरील तेल धुऊन, खालीं स्वच्छ कापड अंथरून कापावें आणि त्याच दिवशीं शिजवून किंवा वाटून खावें. मग सराव आणि स्वयंपाक यांत विरोध राहत नाहीं. प्लास्टिकची बाटली मात्र फुकट मिळते म्हणून ती निर्दोष आहे असें समजूं नये. तिचा घाव गमतीचा असतो. नीट बसला तर वरचा भाग उडतो व खालचा पाण्यासह तसाच उभा राहतो. पण धारदार कपच्या गवतांत पडतात, शेळी त्या चघळते, मूल त्यांवर पाय देतें. ज्याला शेवटची कपची वेंचून आणण्याचा कंटाळा असेल त्यानें बाटली कापूं नये.

चौथा प्रश्न: कोणास इजा होईल काय? घावाच्या पुढें, मागें व दोन्ही बाजूंस मोकळी जागा पाहिजे; कोंबड्या, कुत्रें आणि लहान मुलें आधीं दूर केलीं पाहिजेत; ओल्या, निसरड्या जमिनीवर उभें राहूं नये; मूठ ढिली झाली आहे काय हें दर खेपेस पाहावें; आणि हातून तरवार सुटली तर ती झेलावयास जाऊं नये. भिंतीवर टांगण्यासाठीं विकत मिळणाऱ्या शोभेच्या तरवारीनें तर कधींच कांहीं कापूं नये. पुष्कळदां तिच्या पात्याचा मुठींत शिरणारा भाग बारीक व नुसता डागलेला असतो. तो मोडला म्हणजे पातें उडतें, आणि तें कोणीकडे जाईल याचा नेम नाहीं. पत्र्याचे डबे, सुकलेला बांबू, लाकडाचा ओंडका यांवर धार तुटते. कांचेची बाटली तर मनांतही आणूं नये. यांतच आणखी एक गोष्ट: आपल्या देशांत १९५९ चा शस्त्र अधिनियम आहे, आणि तरवारीसंबंधानें आपल्या भागांत कोणते नियम लागू आहेत हें पोलीस ठाण्यांत आधीं विचारून घेणें हें भितरेपणाचें नव्हे, शहाणपणाचें लक्षण आहे.

पांचवा प्रश्न मीं काढला नव्हता; तो प्रसंगानेंच काढला. आम्ही बोलत असतां माझ्या धाकट्या मुलानें व त्याच्या सवंगड्यांनीं एक बाटली उचलली, कोळशानें तिच्यावर डोळे व मिशा काढल्या, आणि खालीं शाळेंतील एका मुलाचें नांव लिहिलें. त्याच्याशीं त्यांचें भांडण झालें होतें. "दादा, आधी हिला उडव!" असें म्हणून सर्व हसूं लागले. पुतण्याही हसला. मग त्यानें मजकडे पाहिलें आणि तो थांबला.

बाटलीस वेदना होणार नव्हती. ज्याचें नांव होतें तो मुलगा आपल्या घरीं सुखरूप होता. मग बिघडलें काय? बिघडलें हें कीं, आतां घावाखालीं वस्तु नव्हती. मनांतला मनुष्य होता. प्रत्येक सराव दोन गोष्टी शिकवितो: हातास मार्ग आणि मनास संवय. जपानांतील त्या जुन्या पारख्यांनीं मनुष्यास लक्ष्य केलें. आमचीं मुलें लक्ष्यास मनुष्य करीत होतीं. मार्ग उलटा दिसतो, पण दोन्ही वाटा एकाच ठिकाणीं मिळतात. ज्या शेजाऱ्यास आपण शंभरदां मनांत कापलें, तो उद्यां पाणवठ्यावर भेटला असतां आपली दृष्टि पूर्वीसारखी स्वच्छ राहील काय? पुतण्यानें ती बाटली घेतली, ओल्या फडक्यानें पुसली, आणि तिच्यांत पाणी भरून ती माठाशेजारीं ठेवून दिली. मुलें हिरमुसलीं, कोणी कांहीं बोललें नाहीं.

येथें कोणी म्हणेल, "एवढा काथ्याकूट कशाला? भोपळा तो भोपळा." त्यास माझें उत्तर असें कीं, भोपळ्याविषयीं मला फारशी चिंता नाहीं, चिंता आहे ती हात उगारणाऱ्याची. मोठे अन्याय बहुधा अशाच मनुष्याच्या हातून होतात, ज्यानें लहानपणापासून 'हें कोणाचें?' हा प्रश्न विचारलेला नसतो. दुसरा कोणी म्हणेल, "मग तरवारच कां हवी? ती टाकून द्यावी हें उत्तम." हा आक्षेप हलका नाहीं, आणि ज्यास तसें वाटतें त्याचा मी आदर करतों. शस्त्रांचें शेवटीं औत व्हावें अशी आशा आपण सर्वच बाळगतों. परंतु कोयता, विळा, कुऱ्हाड हींही धारदारच आहेत, आणि आपल्या प्रत्येक घरांत आहेत. माझ्या हातून आजीची केळ पडली ती तरवारीनें नव्हे, ऊंस तोडण्याच्या कोयत्यानें. धार घरांतून घालवितां येत नाहीं. तिच्या मागचें मन तेवढें शिकवितां येतें. आणि तरवार लपवून ठेविली तर मूल ती एकट्यानें काढील. वडील मंडळींसमोर, विचारून व थांबून ती हातीं घेतली, तर कदाचित् तें थांबावयासही शिकेल.

विहिरीजवळच्या एका केळीचा घड तयार होत आला होता. पुतण्यानें नऊ दिवस वाट पाहिली. त्या दिवसांत त्यानें फाटकी चटई चार गुंडाळ्यांत वांटून, भिजवून, खुंटीवर लावून सराव केला. पहिल्या दोन गुंडाळ्यांत तरवार अर्ध्यावर अडकली, कारण मनगट वळत होतें. दहाव्या दिवशीं काकूनें स्वतःच्या हातानें घड उतरविला आणि म्हणाली, "आता घे, ही तुझी." मुलें व कोंबड्या ओसरीवर गेल्या. त्यानें बुंध्याचा कमरेपर्यंतचा भाग पिलांच्या पोषणासाठीं तसाच राखला व वरच्या भागावर तीन घाव घातले. केळीच्या चिकाचे डाग त्याच्या सदऱ्यावर अजून आहेत. तुकडे गुरांपुढें टाकले, गाभा काकूनें भाजीस घेतला, आणि पातें धुऊन, पुसून, तेल लावून म्यानांत गेलें.

बंधुभगिनींनो, आपल्या घरीं तरवार नसेल. पण कांहीं ना कांहीं धार प्रत्येकापाशीं असते. कोणाच्या हातांत ती कोयत्याची असते, कोणाच्या हातांत अधिकाराची, आणि पुष्कळांच्या जिभेवर शब्दांची. ती चालविण्यापूर्वीं, ती वस्तु कोणाची, तिचें काम संपलें आहे काय, मागें काय उरेल, कोणास लागेल, आणि मनांत आपण कोणाचें तोंड पाहत आहों, हे पांच प्रश्न विचारावेत. तेवढा वेळ थांबल्यानें हात दुबळा होत नाहीं. त्या आजीच्या बागेंत दुसरा घड उतरला तेव्हां तिनें त्यांतील पहिली फणी माझ्या हातावर ठेविली होती. ती मीं घरीं नेली, पण त्यांतील केळें खाण्यास मला दोन दिवस धीर झाला नाहीं.